गॅसची भट्टी : बांधायला सोपी, पेटवताना सांभाळा



ऊसतोडीचा कोयता बोथटला की आपण लोहाराच्या भात्याकडे धावतो. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या लम्पकिन गावी १९७३ साली लोहारांची संघटना निघाली. तिच्याशी जोडलेल्या मंडळांतले लोक एकत्र जमून आपापल्या गॅसभट्ट्या बांधतात.

रचना साधी आहे. लोखंडी नळकांड्याला आतून सिरॅमिक लोकरीचे अस्तर, त्यावर उष्णतारोधक लेप आणि एक बर्नर. बारीक छिद्रातून जोरात सुटणारा गॅस स्वतःच हवा ओढतो. भाता मारायला पोरगं लागत नाही. लेप मात्र टाळू नये, कारण उघड्या लोकरीचे तंतू फुप्फुसात जातात.

खरा धोका वेगळाच. हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना वास, ना रंग. डोकं जड होतं, मळमळतं नि माणूस बसल्या जागी कोसळतो. म्हणून बंद खोलीत भट्टी पेटवूच नये. घरगुती शेगडीचा रेग्युलेटर कमी दाबाचा, तो इथे पुरत नाही. पण तो काढून सिलिंडरला थेट नळी जोडणे म्हणजे घात! जास्त दाबाचा योग्य रेग्युलेटरच लावावा, सिलिंडर उभा नि भट्टीपासून लांब ठेवावा. गरगरल्यासारखं वाटताच गॅस बंद करून मोकळ्यावर यावे. कोयता थांबेल.