गंजिफा : खेळ आणि तो राखणारी माणसे

सावंतवाडीच्या गंजिफांचा उल्लेख निघाला की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे काचेच्या चौकटीत बसवलेली सुंदर, गोल, रंगीत चित्रे उभी राहतात. परंतु गंजिफा हा मुळात खेळ आहे आणि ती चित्रे म्हणजे हातात धरून पिसायची, वाटायची आणि उतरायची पाने आहेत, याचा आपल्याला विसर पडला आहे. दोन वर्षांपूर्वी मलाही हे ठाऊक नव्हते. आमच्या घरी पत्ते म्हणजे जुगार, असे समीकरण पक्के होते. त्यामुळे मी गंजिफा शिकू लागलो ते वडिलांना न सांगता, हे येथे कबूल करून टाकतो.

प्रथम थोडा इतिहास. गंजिफा हा शब्द फारसीतून आला. बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसनकडे गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. अबुल फजलच्या ‘ऐने-अकबरी’तही या खेळाचे वर्णन सापडते. मोगली गंजिफेत आठ रंग आणि ९६ पाने. पुढे हिंदू घरांतून दशावतारी गंजिफा रुळली. तिच्यात मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतारांचे दहा रंग असतात. प्रत्येक रंगात एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पाने, म्हणजे एकूण १२० पाने झाली.

खेळाला माणसे तीन लागतात. प्रत्येकाला चाळीस पाने. (एवढी पाने एका हातात धरणे हीच पहिली परीक्षा!) पाने गोल असल्यामुळे आपल्या नेहमीच्या पत्त्यांसारखी ती पिसता येत नाहीत, चादरीवर पालथी पसरून दोन्ही हातांनी कालवावी लागतात. दिवसा डाव मांडला तर ज्याच्याकडे रामाचा राजा असेल तो सुरुवात करतो, रात्री ज्याच्याकडे कृष्णाचा असेल तो. निम्म्या रंगांत राजा-प्रधानांनंतर दश्शी मोठी, तर उरलेल्या निम्म्यांत एक्का मोठा आणि दश्शी सर्वांत लहान. नवशिक्याची दांडी नेमकी येथेच उडते. पण खरी मेख आणखी पुढे आहे. एखाद्या रंगातली मोठी पाने पडून गेली की उरलेल्यांतले सर्वांत मोठे पान ‘हुकूम’ होते. म्हणजे कोणते पान केव्हा हुकूम झाले हे कळायला आतापर्यंत पडलेले प्रत्येक पान ध्यानात हवे. हा नशिबाचा खेळ कमी आणि स्मरणाचा अधिक आहे.

छापील बावन्न पानी पत्ते स्वस्त झाले आणि गंजिफा मागे पडली. पाने करण्याची कला तरी वाचली. १९७० च्या दशकात राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी चितारी समाजातील वयोवृद्ध कारागीर पुंडलिक चितारी यांच्याकडून ती जाणून घेतली आणि राजवाड्यात तरुण चित्रकार कामाला बसवले. चिंचोक्याची खळ, खडूची पूड, लाख ही सारी जुनी रीत त्यामुळे आपल्यापर्यंत पोहोचली. हे ऋण सर्वश्रुत आहे. मला आभार मानायचे आहेत ते ज्यांची नावे कोठेही छापून येत नाहीत अशा माणसांचे.

आमचा डाव रविवारी दुपारी एका शिंपीकाकांच्या दुकानामागच्या पडवीत बसतो. काका स्वतः खेळत नाहीत. त्यांना चाळीस पाने ‘डोक्यात मावत नाहीत’. पण पडवी झाडून, चादर अंथरून, रॉकेलच्या जुन्या डब्यात पाने जपून ठेवतात ते तेच. संचातली दोन पाने हरवली, तेव्हा वहीच्या पुठ्ठ्याची दोन गोल पाने कातरून, त्यांवर कापडाचे अस्तर चिकटवून दिली तीही त्यांनीच. आता पाठीवरूनच ती पाने ओळखू येतात, आणि ज्याच्या वाट्याला येतील त्याचे बिंग फुटते, ही गोष्ट वेगळी.

सगळ्यांना जमवून आणतात ते निवृत्त प्राथमिक शिक्षक असलेले आमचे गुरुजी. कोणी आला नाही तर ते सायकलवरून घरी जाऊन बोलावतात; तीन माणसांच्या खेळात एक जण चुकला की डावच नाही. पहिल्या दिवशी मी माझीच पाने पुन्हा पुन्हा पाहत होतो, तेव्हा ते म्हणाले, “झिला, गेलेली पानां ध्यानात ठेव. हातातली खंय पळान जातत?” नियमांची एक दोनशे पानी वही त्यांनी केली आहे. दिवेलागणीला डाव सुरू झाला तर मान रामाचा की कृष्णाचा, यावर दोन म्हाताऱ्यांत जवळजवळ अबोला धरण्यापर्यंत वेळ आली होती. गुरुजींनी दोघांचीही मते वहीत लिहून घेतली आणि खाली शेरा मारला : “दिवा लागला की रात्र.”

गेल्या पावसाळ्यापासून गुरुजी पाने विसरू लागले आहेत. पडून गेलेला प्रधान अजून बाहेर आहे असे समजून ते थांबतात आणि हात गमावतात. कोणी काही बोलत नाही. एकदा मी पटकन बोलून गेलो, तेव्हा शिंपीकाकांनी मशीन थांबवून माझ्याकडे असे पाहिले की मी खाली मान घातली. घरी निघताना गुरुजींनीच वही माझ्या हातात दिली. “तुझा अक्षर बरा आसा,” एवढेच म्हणाले.

वही मी घरी नेली, तेव्हा वडिलांना सांगणे भागच पडले. ते वाचत नाहीत. त्यांनी पाने उलटली, दहा अवतारांची यादी मला मोठ्याने वाचायला लावली आणि पैसे लावता का, एवढे विचारले. नाही म्हणालो.

सध्या आम्ही चौघे असतो. एक जण नेहमी बसून पाहतो. दुसरा डाव मांडायचा तर अजून दोघे हवेत, आणि पानांचा एक संचही. ज्यांना यायचे असेल त्यांनी रविवारी तीनला यावे. उशीर करू नये. गुरुजी सायकल काढतात.