विजेचा प्रश्न आला की पान उलटू नका

तायांनो, गटातल्या बऱ्याच मुली-सुना सध्या भरतीच्या अ‍ॅप्टिट्यूड परीक्षेची तयारी करताहेत. विजेचे प्रश्न मात्र सरळ सोडून देतात. हातचे मार्क जातात ना!

समजा विचारलं, 2 एचपीची मोटर 230 व्होल्टवर किती अँपिअर घेईल? 1 एचपी म्हणजे 746 वॅट, म्हणून 2 एचपीचे 1492. वॅटला व्होल्टने भागलं की अँपिअर मिळतात, इथे साधारण साडेसहा. पेपरात एवढंच लिहा. पण मसाला कांडप मशीनला अशी मोटर असेल तर ती प्रत्यक्षात याहून जास्तच ओढते, कारण थोडी वीज उष्णतेत जाते. म्हणून ते मशीन 6 अँपिअरच्या साध्या सॉकेटला लावायचं नाही, 16 चं वेगळं सॉकेट हवं. आणि फ्यूज सारखा उडतो म्हणून त्यात जाड तार तर मुळीच घालू नका. वायर तापून आग लागेल.

आता एक फसवा प्रश्न. 40 आणि 100 वॅटचे जुने पिवळे बल्ब एकसर, म्हणजे एकामागे एक जोडले, तर जास्त उजेड कुणाचा? सगळ्या म्हणतात 100 चा. उत्तर आहे 40! एकसर जोडणीत दोघांतून प्रवाह सारखाच जातो, पण 40 च्या बल्बचा रोध जास्त, म्हणून तो जास्त तापतो. घरात जोडणी समांतर असते, तिथे 100 चाच उजेड जास्त.

1000 वॅट एक तास म्हणजे 1 युनिट. मग 1492 वॅटने रोज 2 तास, 30 दिवस किती युनिट? वहीत सोडवून बैठकीला आणा.