माजी सैनिक : गेटवर की स्टोअरमध्ये?

कर्मचारी व्यवस्थापन हा विषय वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना अभ्यासावा लागतो. त्यात ‘भरतीची साधने’ या मथळ्याखाली वर्तमानपत्रातील जाहिरात, सेवायोजन कार्यालय, जुन्या नोकरांची शिफारस, शिक्षणसंस्था अशी एक यादी येते. माझ्या वहीत या यादीच्या तळाशी माजी सैनिकांना एक ओळ मिळाली आहे, आणि तीही ‘पहारेकरी वगैरे पदांसाठी’ एवढीच. बेळगावात राहून ही ओळ लिहून घेताना मला चमत्कारिक वाटले. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आपल्याच गावात आहे. खानापूर, चंदगड, गडहिंग्लज, आजरा या तालुक्यांत ज्या घरातून कोणी पलटणीत गेला नाही असे घर शोधावे लागते. पलीकडे शिरोळ तालुक्यात तर एका गावाचे नावच सैनिक टाकळी आहे. अशा मुलखातल्या कारखानदारालासुद्धा माजी सैनिक म्हटले की गेटवरची खुर्ची आणि शिट्टी एवढेच आठवावे, ही विचार करण्यासारखी गोष्ट आहे.

या लेखात मी सैनिकांची स्तुती करणार नाही. ती ऑगस्टमध्ये आणि जानेवारीत पुष्कळ होते. मला फक्त एवढेच तपासायचे आहे की, कारखानदाराने निव्वळ आपल्या खातेवहीकडे पाहून विचार केला, तर माजी सैनिकाला कामावर घेणे त्याच्या फायद्याचे ठरते की नाही.

प्रथम वयाची गोष्ट. सरकारी कचेरीतला मनुष्य साठीला निवृत्त होतो. फौजेत तसे नाही. फौजेला तरुण माणूस हवा असतो, म्हणून साधा शिपाई बहुधा चाळिशीच्या आतच घरी येतो. पंधरा वर्षे पूर्ण झाली की तो पेन्शनला पात्र होतो. हवालदार आणखी काही वर्षे राहतो, सुभेदार त्याहून थोडा जास्त. देशात दरवर्षी सुमारे ६० हजार माणसे अशा रीतीने सैन्यातून बाहेर पडतात. ‘निवृत्त’ हा शब्द ऐकून आपल्या डोळ्यांसमोर काठी टेकत बागेत फिरणारे आजोबा येतात. पण हा निवृत्त माणूस अडतीस वर्षांचा असतो, त्याचा मुलगा पाचवीत असतो, घराचे कर्ज फिटायचे असते आणि अंगात अजून वीस वर्षांचे काम शिल्लक असते.

सरकारला हे पूर्वीपासून ठाऊक आहे. आज आपण ज्याला एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज म्हणतो, त्या कचेऱ्या १९४५ साली दुसऱ्या महायुद्धानंतर फौजेतून मोकळ्या होणाऱ्या जवानांना काम मिळवून देण्यासाठी निघाल्या, आणि १९४८ मध्ये त्या सर्व नागरिकांसाठी खुल्या झाल्या. म्हणजे पदवीधर होऊन आपण ज्या दारात नाव नोंदवत आलो, ते दार मुळात सैनिकांसाठी उघडले होते. पुढे राखीव जागा आल्या. केंद्र सरकारच्या क वर्गात १० टक्के व ड वर्गात २० टक्के. सार्वजनिक उद्योग आणि राष्ट्रीयीकृत बँकांत अपंग सैनिक व युद्धात मृत्यू पावलेल्यांचे अवलंबित धरून १४.५ आणि २४.५ टक्के. १९७९ च्या नियमांनी वयाची अडचणही दूर केली. फौजेत काढलेली वर्षे वयातून वजा करायची आणि वर तीन वर्षांची सवलत द्यायची, असा तो हिशेब आहे. परंतु या राखीव जागा पुरेशा भरल्या जात नाहीत, ही तक्रार संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीनेही केलेली आहे. शिवाय सरकारी नोकऱ्या मुळातच किती? तेव्हा प्रश्न शेवटी खाजगी मालकाच्या दारात येऊन उभा राहतो.

इंग्लंडमध्ये १९१९ साली, पहिल्या महायुद्धानंतर, अपंग होऊन परतलेल्या सैनिकांसाठी एक योजना निघाली होती. जो मालक आपल्या नोकरांत शेकडा पाच जागा त्यांना देईल, त्याचे नाव राजाच्या नावाने ठेवलेल्या यादीत चढे आणि तो आपल्या पत्रांवर त्या यादीचा शिक्का छापू शके. सक्ती नाही, फक्त मान. व्यापाऱ्याला मानाचीही किंमत कळते, हे त्या योजना करणाऱ्यांना उमगलेले होते. पण मला वाटते, आपल्याकडच्या मालकाला शिक्क्याचीही गरज पडू नये. त्याला नफातोटा दाखवला म्हणजे पुरे.

तो दाखवण्यासाठी मी माझ्या मामांचे उदाहरण घेतो. मामा एकोणिसाव्या वर्षी पलटणीत गेले आणि त्रेचाळिसाव्या वर्षी हवालदार होऊन परत आले. बंदूक त्यांनीही चालवली, पण त्यांचे खरे काम स्टोअरकीपरचे. क्वार्टर मास्टरच्या स्टोअरमध्ये तंबूच्या खुंटीपासून गाडीच्या सुट्या भागांपर्यंत जे जे येईल त्याची लेजरमध्ये नोंद, जे जाईल त्याची सही, आणि वर्षातून ठराविक वेळी अधिकाऱ्यांच्या मंडळासमोर प्रत्यक्ष मोजणी. आमच्या हिशेब तपासणीच्या पुस्तकात ‘अंतर्गत नियंत्रण’ म्हणून जो धडा आहे, तो मला वर्गात नीट समजला नव्हता; मामांनी चार्ज देण्याघेण्याची पद्धत सांगितली तेव्हा समजला. एका माणसाची बदली झाली की नवा माणूस प्रत्येक वस्तू मोजून घेतो, लेजरशी ताडून पाहतो आणि मगच सही करतो. सही झाल्याशिवाय जुना माणूस हलू शकत नाही.

“आणि एखादी वस्तू कमी भरली तर?” मी विचारले.

“तर काय? उत्तर द्यायचं. कोतात तर सकाळ-संध्याकाळ हत्यारं मोजायची. एक कमी आलं तर सगळी पलटण जागी. झोप कुणाला येतीय रे?” कोत म्हणजे हत्यारांची खोली.

घरी आल्यावर मामांना एका एजन्सीमार्फत गेटवरचे काम मिळाले. बारा तासांची पाळी, आणि पगारातून एजन्सीचा वाटा आधीच कापलेला. २००५ चा खाजगी सुरक्षा संस्थांचा कायदा माजी सैनिकांना प्राधान्य देण्यास मुभा देतो, त्यामुळे या दारातून आत जाणे सोपे असते आणि बहुतेकजण तिथेच राहतात. मामांना गेटवर उभे राहून दिसायचे की बाहेर जाणाऱ्या मालाची काटा पावती आणि गेट पास यांचे आकडे अधूनमधून जुळत नाहीत. त्यांनी ते आत जाऊन सांगितले. “तुमचं काम गेट उघडायचं आणि लावायचं,” असे उत्तर मिळाले. ते कारखान्याचे नाव मी येथे लिहीत नाही; असे उत्तर देणारे पुष्कळ असावेत. पण व्यापारी दृष्टीने पाहा. ज्या माणसाला चोवीस वर्षे सरकारने मालाचा हिशेब ठेवायला शिकवले, त्याला त्या मालकाने पहाऱ्याच्या पगारात विकत घेतले आणि त्याच्याकडून फक्त दार उघडून घेतले. आयते मिळालेले यंत्र कोपऱ्यात ठेवून त्यावर डबे वाळत घालण्यासारखा हा प्रकार आहे.

दीड वर्षाने उद्यमबागेतल्या एका लहान फौंड्रीच्या मालकांनी त्यांना पॅटर्न स्टोअरवर घेतले. ज्यांनी फौंड्री पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो : ज्या आकाराचे ओतकाम करायचे त्याचा लाकडी किंवा धातूचा नमुना म्हणजे पॅटर्न. त्यावरून वाळूत साचा उठवतात. हे पॅटर्न पुष्कळदा गिऱ्हाइकाच्या मालकीचे असतात. एकसारखे दिसणारे दोन पॅटर्न, एक जुन्या मापाचा आणि एक सुधारलेल्या मापाचा, शेजारी शेजारी पडलेले असतात. चुकीचा मोल्डिंगला गेला की अख्खा लॉट परत. वीज, कोक, मजुरी, सगळे पाण्यात. वर गिऱ्हाईक नाराज. मामांनी तेथे काही नवीन शोध लावला नाही. प्रत्येक पॅटर्नला क्रमांक, रॅकला क्रमांक, देताघेताना दोन सह्या आणि शनिवारी मोजणी, एवढेच केले. तेथील मुलांनी पहिले दोन महिने “मिलिटरी आली” म्हणून चेष्टा केली. नंतर मोल्डिंगवाल्यांनाच पॅटर्न शोधत फिरावे लागेना, तेव्हा चेष्टा थांबली.

आता आकडे मांडू. समजा, एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये ४० लाखांचा माल आहे आणि वर्षाला त्यातील शेकडा एक गहाळ होतो, खराब होतो किंवा नोंदीत चुकतो. हे झाले ४० हजार रुपये. अनुभवी फौजी स्टोअरकीपरला नवख्या मुलापेक्षा महिन्याला ३ हजार जास्त द्यावे लागले तर वर्षाचे ३६ हजार होतात. गळती पूर्ण थांबली असे धरले तरी शिल्लक केवळ ४ हजारांची. कोणी म्हणेल, एवढ्यासाठी कशाला? पण या हिशेबात एक बेअरिंग वेळेवर न सापडल्यामुळे बंद पडलेली पाळी धरलेली नाही. आणि दर सहा महिन्यांनी मुलगा सोडून गेला म्हणजे जाहिरात, शिकवणे, त्या काळातल्या चुका हा जो खर्च होतो, तोही धरलेला नाही. कामगार बदलाचा खर्च कोणत्याच खात्यावर वेगळा दिसत नाही, म्हणून मालकाला तो लागत नाहीसा वाटतो. गावात घर बांधून स्थिर झालेला चाळिशीचा माणूस पाचशे रुपयांच्या फरकासाठी पुण्याला पळत नाही.

जे स्टोअरचे तेच गाडीचे. फौजेचा ड्रायव्हर सकाळी गाडी सुरू करण्याआधी तेल, पाणी, हवा, पट्टे पाहतो, आणि कार डायरीत नोंद करतो. सिग्नलवाले, ईएमईचे मेकॅनिक, नर्सिंग असिस्टंट, क्लार्क यांच्याबद्दल प्रत्येकी एक लेख होईल.

मालकांच्या हरकतीही मी ऐकल्या आहेत. त्यांतली ‘याला पेन्शन आहे, मग पगार कमी चालेल’ ही सर्वांत जास्त ऐकू येते आणि ती सर्वांत चुकीची आहे. पेन्शन हा झालेल्या नोकरीचा मोबदला आहे, नव्या नोकरीचा आगाऊ हप्ता नव्हे. खुद्द केंद्र सरकार हवालदार-सुभेदारापर्यंतच्या माणसाला पुन्हा नोकरीत घेताना पगार ठरवताना त्याची पेन्शन जमेस धरत नाही. दुसरी हरकत स्वभावाची : यांना हुकूम लागतो, स्वतःहून सुचत नाही, आणि बरोबरीच्यांशी पटत नाही. यात तथ्य मुळीच नाही असे मी म्हणणार नाही. फौजेत कोणाचे ऐकायचे हे खांद्यावर व बाहीवर लिहिलेले असते. आपल्या कारखान्यांत मालक एक सांगतो, त्याचा भाऊ दुसरे, आणि सुपरवायझर तिसरे. अशा ठिकाणी सैनिक गोंधळतो, चिडतो; काहीजण दोन महिन्यांत सोडतातही. सगळेच सैनिक मामांसारखे नसतात; आळशी असतात, बाटलीच्या नादी लागलेले असतात. पण त्यासाठी डिस्चार्ज बुक आहे. त्यात ट्रेड, नोकरीची वर्षे आणि वर्तणुकीचा शेरा लिहिलेला असतो. साध्या अर्जदाराबद्दल मालकाला इतकी माहिती कोण देतो? अडचण अशी की, ते पुस्तक उघडून वाचावे असे थोड्यांनाच वाटते.

हा विषय मी वर्गात काढला तेव्हा माझा एक मित्र उसळून म्हणाला, “मग आम्ही बी.कॉम. होऊन काय करायचं? तुझ्या मामांना चहा आणून द्यायचा?” त्याचा राग अगदीच पोकळ नाही. १९७९ च्या नियमांत पंधरा वर्षे नोकरी झालेल्या मॅट्रिक सैनिकाला क वर्गातील काही राखीव जागांसाठी पदवीधराच्या बरोबरीने पात्र धरण्याची सोय आहे. जागा थोड्या आणि मागणारे पुष्कळ, तेथे हे टोचणारच. परंतु मला विचाराल तर लेजर लिहिणे आणि लेजरवरून ताळेबंद काढणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले बिनचूक झाले तरच दुसऱ्याला अर्थ. मामांना जीएसटीचे विवरणपत्र भरता येत नाही आणि मला अजून अंधारात हात लावून पॅटर्न ओळखता येत नाही.

शिवाय पुढचा माजी सैनिक आपल्याच वयाचा असणार आहे. २०२२ साली अग्निपथ योजना जाहीर झाली. तिच्यात मुलगा चार वर्षांसाठी जातो, त्यानंतर जास्तीत जास्त शेकडा २५ जणांना कायम करायचे आणि बाकीच्यांनी सुमारे ११.७१ लाखांचा सेवानिधी घेऊन परतायचे, पेन्शन नाही, अशी तिची आखणी आहे. पहिल्या तुकडीचे प्रशिक्षण २०२२ च्या अखेरीस व २०२३ च्या आरंभी सुरू झाले, म्हणजे तिची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून भरू लागतात. बारावीला माझ्या बाकावर बसणारा मुलगा त्या भरतीत गेला. तो परत येईल तेव्हा मी पदवीधर असेन आणि त्याच्याजवळ बारावीचे गुणपत्रक व चार वर्षांची सवय असेल. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत त्यांच्यासाठी १० टक्के जागांची घोषणा २०२२ मध्येच झाली. पण ज्याला पुन्हा वर्दी नको असेल त्याला कारखाना, दुकान, पतपेढी यांच्याच दारात यावे लागेल.

कारखानदारांना करायचे ते फार नाही. जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयाकडे पत्र लिहून कोणत्या कामाला कसा माणूस हवा ते कळवता येते. तेथे माजी सैनिकांची नावे नोंदलेली असतात. त्याआधी मात्र आपल्या जाहिरातीतील दोन ओळी बदलाव्या लागतील. ‘स्टोअरकीपर पाहिजे, पदवीधर, वय तीसच्या आत’ असे छापले की मामांसारखा माणूस अर्जच करीत नाही. त्याऐवजी असे छापावे : ‘स्टोअरकीपर पाहिजे. पदवीधर, अथवा सैन्यात स्टोअर किंवा क्लार्क ट्रेडमध्ये दहा वर्षे काम केलेला. वय पंचेचाळीसपर्यंत. डिस्चार्ज बुक सोबत आणावे.’