चावीविना कुलूप उघडण्याचा छंद आणि कलम १२२

प्रश्न : चावीविना कुलूप उघडायचा मला नाद लागला आहे. त्यासाठी लागणाऱ्या बारीक पट्ट्यांचा संच ऑनलाइन मागवला. रविवारी तो घेऊन दारव्ह्याच्या मित्राकडे जातो, परतताना रात्र होते. नाकाबंदीत पिशवी तपासली तर गुन्हा दाखल होईल का? – एक वाचक, यवतमाळ

उत्तर : संच घरी ठेवायला, स्वतःच्या कुलपांवर हात बसवायला कायद्याची आडकाठी नाही. परवानाही लागत नाही. अडचण आहे ती तुमच्या परतीच्या वाटेवर. ‘अंधारात अस्तित्व लपवून बसलेला मिळून आला’ अशा बातम्या तुम्ही पेपरात वाचल्या असतील. त्या महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम १२२ खालच्या. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत घरफोडीचं साधन वाजवी कारणाशिवाय जवळ बाळगणं हा त्यात गुन्हा आहे, आणि कारण वाजवी होतं हे बाळगणाऱ्यानंच सिद्ध करायचं. याच कलमात घातक हत्यार किंवा झाकलेला चेहरा यांच्याबाबत ‘गुन्हा करण्याचा उद्देश’ ही अट आहे. घरफोडीच्या साधनाला ती नाही. छंद म्हणून हे करणाऱ्यावर हा अन्याय आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेतही असं साधन सापडल्यास विनावॉरंट अटकेची तरतूद होती. २०१० मध्ये अमलात आलेल्या दुरुस्तीनं ती गेली. राज्याचं कलम राहिलं.

घरफोडीची साधनं कोणती, याची यादी कायद्यात नाही. कटावणी येते, तशी तुमची पट्टीही येऊ शकते. चावीवाल्याला त्याचा धंदा हेच कारण पुरतं; तुम्हाला ते दाखवावं लागेल. म्हणून संचासोबत सरावाची कुलपं आणि खरेदीची पावती असू द्या. त्याहून बरं म्हणजे दिवसाउजेडी परता, किंवा संच मित्राकडेच ठेवा. पोलिसांनी विचारलं तर लपवाछपवी न करता सांगा.

छंदाची लाज बाळगू नका. १८५१ च्या लंडन प्रदर्शनाच्या वेळी आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकन कारागिरानं चब आणि ब्रामा ही अभेद्य मानलेली कुलपं उघडून दाखवली. ब्रामाच्या कुलपाला पन्नासहून अधिक तास लागले. कारखानदारांना मग कुलपं सुधारावी लागली.

मात्र दुसऱ्याच्या कुलपाला त्याच्या परवानगीवाचून हात लावू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३० नुसार गृह-अतिक्रमणासाठी कुलूप उघडून आत शिरणं ही घरफोडीच, मग कुलपावर ओरखडाही उठलेला नसो.