सुट्या पानाची ओळख

लेकरांनो, दुकान आता तुम्हीच बघता, म्हणून फायलींचं थोडं सांगून ठेवतो. डिझाइन तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं करता, त्यात मी बोलणार नाही.

जुनी हस्तलिखित पोथी हाती आली तर तिचा समास बघा. पानं शिवलेली नसतात, म्हणून लिहिणारा पानापानावर ग्रंथाचं नाव आखडून घालायचा आणि जोडीला पानाचा आकडा. पान वाऱ्यानं उडालं तरी ज्याला सापडेल त्याला ते कुठलं हे कळावं. आपली फाईलही सुटं पानच आहे. व्हॉट्सॲपवर गिऱ्हाइकाकडे गेली, पेनड्राइव्हवर फ्लेक्सवाल्याकडे गेली, की फोल्डर मागेच राहतो. जे सांगायचं ते नावातच आलं पाहिजे.

असं लिहा: 0148_2026-02-10_सेलू_लग्नपत्रिका_प्रूफ03.

आधी रजिस्टरातला जॉब नंबर. गिऱ्हाईक काम भावाच्या नावानं देतं, बिल वडिलांच्या नावानं मागतं. नंबर मात्र हलत नाही. मग तारीख. ती प्रूफ काढल्याची, लग्नाची नव्हे. वर्ष आधी, मग महिना, मग दिवस. म्हणजे एका जॉबच्या फायली आपोआप ओळीनं लागतात. गावाचं नाव एकाच तऱ्हेनं लिहा. सेलूचं इंग्रजी स्पेलिंग दोन तऱ्हांनी चालतं, आणि एकानं एक, दुसऱ्यानं दुसरं घातलं की शोधताना निम्मी कामं दिसतच नाहीत. आपल्या जिल्ह्यातल्या नऊ तालुक्यांची नावं कशी लिहायची ते भिंतीवर लावलंय, तेच धरा.

‘फायनल’ हा शब्द नावात नको. हे मी फार महागात शिकलो. एका लग्नाच्या पत्रिकेच्या तीन फायली होत्या: ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल नवीन ओके’. मी गंगाखेडला गेलो होतो. दुकानातल्या पोरानं मधली उघडून पाचशे पत्रिका छापल्या. मुहूर्त बदलला होता आणि त्या फायलीत जुनाच राहिला होता. मुलीचे वडील संध्याकाळी आले. ओरडले नाहीत. एक पत्रिका हातात घेतली, वेळेच्या आकड्यावर अंगठा फिरवला आणि म्हणाले, “निम्म्या वाटून झाल्या हो.” रात्रीतून पुन्हा छापून दिल्या, पण त्या माणसाला घरोघर परत जावं लागलं. चूक पोराची नव्हती, नाव ठेवणाऱ्याची होती, आणि ती नावं मी ठेवली होती.

म्हणून प्रूफ01, प्रूफ02 असंच. एकेरी आकड्याच्या आधी शून्य लावा, नाहीतर काही ठिकाणी दहा हा दोनच्या आधी जाऊन बसतो. गिऱ्हाइकानं सही केली की त्याच प्रूफची प्रत ‘छपाईला’ या फोल्डरात. तिथं एका जॉबची एकच फाईल असावी. श्रीलिपीतली अक्षरं कर्व्ह करून पाठवता, तर नावात ‘कर्व्ह’ लिहा आणि अक्षरं बदलता येणारी मूळ फाईल जपून ठेवा. कर्व्ह झालेल्या पत्रिकेत मामाचं नाव टाइप करून बदलता येत नाही.

लग्नाच्या फोटोंना जास्त जपा. कॅमेऱ्याचा आकडा 9999 झाला की पुन्हा 0001 पासून सुरू होतो. एकाच कंपनीचे दोन कॅमेरे असले तर हळदीच्या आणि सप्तपदीच्या फोटोला एकच नाव पडू शकतं. दोन्ही कार्डं एका फोल्डरात ओतली आणि ‘रिप्लेस’ दाबलं, की कुणाची तरी सप्तपदी गेली. प्रत्येक कार्डाला वेगळा फोल्डर करा, नावं बदला, मगच एकत्र करा. व्हॉट्सॲपवर फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नुसता पाठवला तर नावही जातं आणि फोटोचा कसही.

फेब्रुवारीत उरूस आला की गेल्या वर्षीचं बॅनर मागायला माणसं येतात. ते 2025 च्या फोल्डरातून उचला, पण आधी नवीन जॉब नंबरानं सेव्ह करा, मगच हात लावा. महिन्याला सगळ्याची एक प्रत दुसऱ्या हार्ड डिस्कवर घ्या. ती डिस्क दुकानात नको, माझ्या घरी कपाटात ठेवायची. किल्ली काकूकडे आहे.