वाफेच्या वाटेतील हवा

आदिलाबादचा हिवाळा तेलंगणात कडक समजला जातो. तरी शेकोटी आणि गोधडी यांवर आपले भागते. न्यूयॉर्क, शिकागो अशा शहरांतील अनेक जुन्या घरांत मात्र तळघरातील बॉयलरची वाफ नळांतून खोल्याखोल्यांत नेऊन ऊब निर्माण करतात. आपल्या घरांत अशी व्यवस्था नाही. परंतु तिच्यामागील तत्त्व स्वयंपाकघरातील कुकर, रुग्णालयातील ऑटोक्लेव्ह आणि कागद कारखान्यातील वाळवण-सिलिंडर या सर्वांना सारखेच लागू पडते. म्हणून ते समजून घेणे अगत्याचे आहे.

एक ग्रॅम वाफ १०० अंश सेल्सिअसला पाणी होताना सुमारे ५४० कॅलरी उष्णता देते. वाफेचे सारे महत्त्व या सुप्त उष्णतेत आहे. पण थंड असताना नळ रिकामे नसतात. त्यांत हवा भरलेली असते. मागून येणारी वाफ तिला पुढे ढकलते. हवेला बाहेर पडण्यास वाट नसेल, तर ती टोकाशी कोंडते आणि शेवटची खोली थंडच राहते.

अशा वेळी दाब वाढवावा, असे कोणासही वाटेल. हा उपाय चुकीचा का, हे डाल्टनच्या आंशिक दाबाच्या नियमावरून कळते. २ बार निरपेक्ष दाबाच्या शुद्ध वाफेचे तापमान सुमारे १२० अंश असते. त्याच दाबाच्या मिश्रणात आकारमानाने चौथा हिस्सा हवा असेल, तर वाफेचा स्वतःचा दाब दीड बार उरतो आणि तापमान १११ अंशांच्या आसपास येते. दाबमापकाचा काटा मात्र दोन्ही वेळी तेच दाखवतो! शिवाय हवा उष्णतेची मंद वाहक आहे. धातूच्या आतल्या अंगास तिचा पातळ थर जमला, तरी उष्णता बाहेर येण्यास अडथळा होतो.

यावरचा खरा उपाय म्हणजे मुख्य हवाद्वार. प्रत्येक रेडिएटरला स्वतःचे हवाद्वार असते, पण त्याचे छिद्र बारीक असते. समजा, मुख्य नळाचा आतील व्यास ५ सेंटिमीटर आणि लांबी १५ मीटर आहे. त्यात सुमारे २९ लिटर हवा मावते. ती सारी बारीक छिद्रांतून जायची म्हटली, तर वेळ लागतो. बॉयलरजवळच्या खोल्या आधी तापतात आणि दूरच्या मागे राहतात. मुख्य नळाच्या शेवटी, अखेरच्या फाट्यानंतर, मोठे हवाद्वार बसवले की नळ आधी भरतो आणि सर्व फाट्यांना वाफ जवळजवळ एकाच वेळी मिळते. वाफेची उष्णता लागताच हे द्वार आपोआप मिटते. नळ थंड झाला की ते पुन्हा उघडते व हवा आत येते. म्हणून हे काम प्रत्येक खेपेस नव्याने करावे लागते. घरगुती व्यवस्थेस दर चौरस इंचाला २ पौंडांहून अधिक दाब सहसा लागतच नाही.

द्वार बसवताना काही गोष्टी पाळाव्यात. नळाचे आकारमान काढून त्याप्रमाणे द्वार निवडावे. एक पुरत नसेल तर दोन लावावीत. ते सरळ उभे असावे आणि वळणाच्या अगदी टोकाशी नसावे, कारण वाफेबरोबर वेगाने येणाऱ्या पाण्याच्या आघाताने ते बिघडते. काम करण्यापूर्वी बॉयलर बंद व थंड असून दाब शून्यावर असला पाहिजे, आणि ते जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावे.

आता आपल्याकडील उदाहरणे पाहू. कुकरच्या नळीतून वाफेची सलग धार येऊ लागल्यावरच शिटी ठेवावी, असे सांगतात; ती धार म्हणजे आतील हवेची पाठवणीच होय. पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात असलेले कागजनगर २०१६ साली नव्या आसिफाबाद जिल्ह्यात गेले. तेथील सिरपूर पेपर मिल २०१४ मध्ये बंद पडली व २०१८ मध्ये जे. के. पेपरकडे गेली. कागद वाळवणाऱ्या पोकळ सिलिंडरांत हवा साठली, तर कागद एकसारखा वाळत नाही.

सर्वांत गंभीर प्रश्न ऑटोक्लेव्हचा आहे. १५ पौंड दाबाला शुद्ध वाफ १२१ अंशांवर जंतूंचा नाश करते. हवा आत राहिली, तर काटा १५ वर असूनही तापमान कमी पडते आणि शस्त्रक्रियेची उपकरणे निर्जंतुक होत नाहीत. म्हणून प्रयोगशाळेत काम करताना काट्याबरोबर तापमापकही पाहावा, आणि दाब वाढवण्याआधी हवेला वाट दिली आहे ना, याची खात्री करावी.