संगणकाची डिस्क : वेग, आवाज आणि ‘रेड’ रचना

वीजप्रवाह बंद झाल्यावरही संगणकातील माहिती टिकून राहावी यासाठी जी साधने वापरतात, त्यांत हार्ड डिस्क हे एक प्रमुख साधन होय. १९५६ साली आयबीएम या अमेरिकन कंपनीने अशा प्रकारचे पहिले यंत्र जाहीर केले. त्यात सुमारे ६१ सेंटिमीटर व्यासाच्या ५० तबकड्या मिनिटास १२०० फेरे घेत असत आणि त्या सर्व मिळून सुमारे ५० लाख अक्षरे साठवीत. आजची डिस्क तळहातावर मावते व तिच्यात त्याच्या लाखो पट मजकूर राहतो. तत्त्व मात्र तेच आहे. चुंबकीय लेप दिलेली तबकडी फिरत असते आणि तिच्यावरून सरकणारे एक लहानसे शीर्ष मजकूर लिहिते किंवा वाचते.

एकीऐवजी दोन डिस्का जोडल्या, की काम दुप्पट वेगाने होईल असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. तो कितपत खरा आहे, आणि त्या वेगासाठी कोणती किंमत द्यावी लागते, हे पाहणे उपयुक्त ठरेल.

वेगाचे दोन अर्थ

डिस्कच्या वेगाचे दोन भाग पडतात : मजकूर सुरू होईपर्यंतची प्रतीक्षा, आणि सुरू झाल्यानंतरचा ओघ.

प्रतीक्षेत प्रथम शीर्षाला योग्य त्या वर्तुळाकार पट्ट्यावर न्यावे लागते. मेजावरील संगणकाच्या डिस्कला यास सरासरीने सुमारे ९ मिलिसेकंद लागतात. त्यानंतर हवा असलेला मजकूर फिरत फिरत शीर्षाखाली येईपर्यंत थांबावे लागते. मिनिटास ७२०० फेरे घेणारी तबकडी एक फेरा ८.३३ मिलिसेकंदांत पुरा करते. मजकूर कधी लगेच सापडतो, कधी जवळजवळ पूर्ण फेरा वाट पाहावी लागते; म्हणून सरासरी अर्ध्या फेऱ्याची, म्हणजे ४.१७ मिलिसेकंदांची धरतात. ५४०० फेऱ्यांच्या डिस्कमध्ये हाच काळ ५.५६, तर १०,००० फेऱ्यांच्या डिस्कमध्ये ३ मिलिसेकंद असतो.

ओघ सेकंदास १५० मेगाबाइट आहे असे धरू. १५०० मेगाबाइटांचे चित्रपट वाचण्यास १० सेकंद लागतील. त्यात प्रतीक्षा नगण्य होय. उलट, चार हजार अक्षरांची एक लहान नोंद वाचण्यास एकूण सुमारे १३ मिलिसेकंद लागतात आणि त्यांतील जवळजवळ सर्व काळ प्रतीक्षेतच जातो.

जोडीचा लाभ कोठे होतो

१९८८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी एका निबंधात असे मांडले, की एका महाग, मोठ्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्कांचा संच वापरावा. त्यांनी या संचास ‘रेड’ हे नाव दिले. पुढे ‘रेड शून्य’ नावाचा प्रकार रूढ झाला. त्यात मजकुराचे तुकडे करून ते दोन डिस्कांवर आळीपाळीने ठेवतात.

वरील चित्रपट या रचनेत ५ सेकंदांत वाचून होईल; येथे ओघ खरोखर दुप्पट झाला. परंतु लहान नोंद एकाच डिस्कवर बसत असल्याने दुसरी रिकामीच राहते. नोंद दोहोंवर विभागलेली असेल, तर जी डिस्क उशिरा पोचेल तिच्यासाठी थांबावे लागते. दोन्ही तबकड्या आपापल्या गतीने फिरत असल्यामुळे ही सरासरी प्रतीक्षा अर्ध्या फेऱ्याऐवजी दोनतृतीयांश फेऱ्याची होते. ७२०० फेऱ्यांच्या डिस्कांसाठी हा काळ ५.५६ मिलिसेकंद येतो. म्हणजे अशा वेळी ही जोडी ५४०० फेऱ्यांच्या एकट्या डिस्कइतकीच वाट पाहावयास लावते! अनेक माणसे एकाच वेळी निरनिराळ्या नोंदी मागत असतील, तर मात्र काम वाटले जाऊन जोडीचा उपयोग होतो.

आवाजाचे गणित

डिस्कचा आवाज दोन प्रकारचा असतो. तबकडी फिरण्याचा आवाज सतत चालू राहतो, तर शीर्ष सरकण्याची टकटक काम पडेल तशी ऐकू येते. पूर्वी तबकडीचा आस छर्‍यांच्या बेअरिंगवर फिरे. पुढे तेलाच्या पातळ थरावर फिरणारी बेअरिंगे आली आणि पहिला आवाज बराच कमी झाला.

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. एका डिस्कचा आवाज २८ डेसिबल असेल, तर तशाच दोन डिस्कांचा ५६ नव्हे, ३१ होतो आणि चारांचा ३४. परंतु दोन डिस्कांचे फेरे तंतोतंत सारखे नसतात. एकीचा सूर १२० हर्ट्झ व दुसरीचा किंचित निराळा असला, म्हणजे आवाज ठरावीक अंतराने चढतो व उतरतो. तंबोऱ्याच्या दोन तारा पुरत्या जुळल्या नसता हाच डोल ऐकू येतो. शिवाय तंबोऱ्याचा भोपळा जसा तारेचा नाद वाढवितो, तशी संगणकाच्या पेटीची पातळ पत्र्याची भिंत डिस्कचा आवाज वाढविते. रबराच्या चकत्यांवर डिस्क बसविल्यास तो पुष्कळ उतरतो.

कंपन आणि वेग

कंपनाचा त्रास केवळ कानालाच होतो असे नाही. शेजारच्या डिस्कच्या कंपनाने शीर्ष पट्ट्यावरून ढळले, तर ती संधी वाया जाऊन आणखी एका फेऱ्याची वाट पाहावी लागते. २००८ साली सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीतील ब्रेंडन ग्रेग यांनी चालू डिस्कांच्या संचासमोर मोठ्याने ओरडून दाखविले. त्या क्षणी डिस्कांचा प्रतिसाद मंदावल्याचे आलेखात स्पष्ट दिसले.

सुरक्षितता

एक डिस्क वर्षभरात बिघडण्याचा संभव शेकडा ५ आहे असे धरू. ‘रेड शून्य’ रचनेत दोहोंपैकी कोणतीही एक बिघडली, तरी सर्व मजकूर जातो. म्हणून धोका शेकडा ९.७५ होतो. ‘रेड एक’ प्रकारात दोन्ही डिस्कांवर तोच मजकूर असतो, त्यामुळे एक गेली तरी दुसरी काम चालविते. साठवण मात्र एकीइतकीच मिळते. तथापि चुकून पुसलेली नोंद दोन्ही डिस्कांवरून एकदमच पुसली जाते. यास्तव स्वतंत्र जागी ठेवलेल्या प्रतीची गरज कोणत्याही ‘रेड’ रचनेने संपत नाही.

निवड कशी करावी

लहान नोंदींचे नित्याचे काम करावयाचे असेल, तर आज फिरता भाग नसलेले एसएसडी हे साधन योग्य ठरते. त्यात प्रतीक्षा मिलिसेकंदाच्या अंशाइतकी असते आणि आवाज नसतो. मोठा संग्रह अल्प खर्चात साठवावयाचा असल्यास हार्ड डिस्कच उपयोगी पडते. वाचनालयासारख्या शांत जागी ती कमी फेऱ्यांची घ्यावी, रबरावर बसवावी, आणि दुसऱ्या डिस्कसाठी पैसा असेल तर ती वेगासाठी न जोडता तिच्यावर प्रत काढून ती वेगळ्या खोलीत ठेवावी. हरवलेल्या नोंदवह्यांची भरपाई वाचविलेले सेकंद करू शकत नाहीत.